डोंगरमाथ्यावरचा रस्ता : जामखेड ते अंबाजोगाई



स्मृतिव्याख्यानात थोर पुरुषाविषयी, ग्रंथाविषयी किंवा चळवळीविषयी बोलायचा आपल्याकडे प्रघात आहे. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘जामखेड–अंबाजोगाई रस्ता’ एवढंच कळवलं. लगेच फोन आला, ‘रस्त्यावर तासभर काय बोलणार?’ मी म्हणालो, तासभर पुरणार नाही. आपल्या बीड जिल्ह्यात रस्त्यावर रोज बोललं जातं, पण ते खड्ड्यांपुरतं, ठेकेदारापुरतं आणि निवडणुकीपुरतं. हा रस्ता आला कुठून, कोणी केला, त्यावरून कोण गेलं आणि कोण परत आलं, हे मात्र आपण विचारत नाही. आज मला ते विचारायचं आहे.

आधी रस्ता डोळ्यांपुढे आणू. जामखेड नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरमध्ये. तिथून पूर्वेला निघालं की रस्ता बालाघाटाच्या अंगावर चढू लागतो. सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत कोसळते आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. इथं आपला जिल्हा सुरू होतो. पुढं पाटोदा, मग लिंबागणेश, मग मांजरसुंबा. मांजरसुंब्याला धुळे–सोलापूर महामार्ग आडवा येतो. डावीकडे घाट उतरला की पाली आणि बीड, उजवीकडे चौसाळा आणि पुढं धाराशिव, सोलापूर. जवळच कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेला हा सगळा परिसर माणसांनी भरून जातो. सरळ निघालात तर नेकनूर, केज, चंदनसावरगाव, होळ, लोखंडी सावरगाव आणि अंबाजोगाई. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासची वाट. तालुके ओलांडायचे ते पाटोदा, बीड, केज आणि अंबाजोगाई. म्हणजे जिल्ह्याचा पश्चिमेचा उंबरठा ते पूर्वेचं माहेर.

हा रस्ता इथूनच का गेला? खाली गोदावरीच्या काठानं सपाट मुलूख होता की! आपण त्याला गंगथडी म्हणतो. काळीभोर जमीन, कापसाला आणि ज्वारीला उत्तम. पण त्या काळ्या रानातून भर श्रावणात कधी भरलेली बैलगाडी काढली आहे का कोणी? चाक तुंब्यापर्यंत रुततं, बैल गुडघे टेकतात. माथ्यावर तसं होत नाही. वर मुरूम आहे, खडक आहे, पाऊस थांबला की तासाभरात वाट मोकळी. शिवाय माथ्यावरून गेलं की मोठ्या नद्या फारशा ओलांडाव्या लागत नाहीत. गाडीवानांनी आणि लमाणांच्या तांड्यांनी ही अक्कल फार आधी वापरली. इंजिनिअर नंतर आले आणि बहुतेक ठिकाणी बैलांनी पाडलेल्या चाकोरीवरच त्यांनी दोरी धरली.

पण माथ्यावरून जाण्याची एक किंमत असते. सौताड्याच्या दरीत पडणारं पाणी सीनेला जातं, सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला. पाटोद्याच्या माळावर उगम पावणारी मांजरा लातूर, बिदर करत तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. उत्तर उतारावरची बिंदुसरा बीड शहरातून सिंदफणेला आणि तिच्यातून गोदावरीला. एकाच रस्त्याच्या दोन अंगांना तीन दिशांचं पाणी! आणि या तिन्ही दिशा आपल्या गावांपासून लांब जाणाऱ्या. पाऊस साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर, तोही लहरी. पडला तरी माथ्यावर थांबत नाही. वाटेला सोयीची जमीन शेतीला सोयीची नव्हती. या रस्त्याचा पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती आधी सांगितली.

आता त्यावरून गेलं कोण?

सगळ्यात जुनी नोंद आडव्या वाटेची आहे, उत्तर-दक्षिण जाणाऱ्या वाटेची. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीनं व्यापाऱ्यांसाठी समुद्रप्रवासाची वही लिहिली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. त्यात तो सांगतो की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून मौल्यवान खडे येतात, तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमल. आणि हा माल अतिशय बिकट वाटांनी, गाड्यांतून भडोचच्या बंदरात उतरतो. तगर म्हणजे आजचं तेर, धाराशिव जिल्ह्यातलं. आता नकाशावर पैठण आणि तेर यांच्यामध्ये सरळ रेघ ओढा. ती बीडच्या अगदी जवळून जाते. म्हणजे रोमच्या बाजारात गेलेली मलमल आपल्या बालाघाटाचा कुठला ना कुठला घाट चढ-उतर करूनच गेली असणार. त्या ग्रीक माणसानं वाटेचं वर्णन एका शब्दात केलं, बिकट. दोन हजार वर्षांनी आपल्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराला दुसरा शब्द सापडलेला नाही, हे मला फार लागतं.

चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलक वरंगळच्या स्वारीवरून आजारी होऊन दौलताबादकडे परतत होता. वाटेत बीडजवळ त्याचा दात पडला. सुलतानानं तो दात इतमामानं पुरला आणि त्यावर कबर बांधली. हे इतिहासकार फिरिश्त्यानं लिहून ठेवलं आहे आणि बीडजवळच्या टेकडीवर ती वास्तू दाखवली जाते. वरंगळहून दौलताबादला जाणारी फौजेची वाट बीडवरून होती, हे त्या दाताच्या गोष्टीतून कळतं. ही कबर लक्षात ठेवा, मला तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

पुढं लढाया. १० ऑगस्ट १७६३ला गोदावरीकाठी राक्षसभुवनला थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथं पडला. मार्च १७९५मध्ये खर्ड्याची लढाई झाली. निजामाची फौज बिदरहून निघाली ती मांजरेच्या काठाकाठानं वर आली आणि मोहरीचा घाट उतरून खर्ड्याकडे गेली. आपल्याला शाळेत लढाईचा दिवस शिकवतात, तहाच्या अटी शिकवतात. पण लाखभर माणसं, हत्ती, बैल आणि बाजारबुणगे ज्या गावांच्या शिवारातून गेले, त्या गावांच्या कडब्याच्या गंजीचं काय झालं, विहिरीचं काय झालं, हे कुणी विचारतं का? फौजेच्या वाटेवर राहणं म्हणजे काय, हे केज-पाटोद्याच्या शेतकऱ्याला कळलं होतं. त्यानं ते लिहून मात्र ठेवलं नाही.

आणखी एक जाणं-येणं आहे, त्यात लूट नाही. आषाढीला पैठणहून नाथांची पालखी पाटोदा, खर्डा करत पंढरीला जाते. मुक्ताईची पालखी खानदेशातून बीडवरून जाते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईवरून जाते. या तिन्ही पालख्या आपला माथ्यावरचा मुलूख आडवा ओलांडतात. आपली माणसं पिठलं-भाकरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहतात. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो त्या गावात जूनमध्ये वारकऱ्याला आंघोळीला पाणी मिळतं. कसं मिळतं, हे ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. आदल्या आठवड्यापासून घरातले हंडे राखून ठेवलेले असतात.

थोडं सरहद्दीविषयी. १९४८पर्यंत हा रस्ता दोन राज्यांत होता. जामखेड इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात आणि पाटोदा निजामाच्या मोगलाईत. जामखेड तालुक्याची गावं तर निजामाच्या गावांत अशी विखुरलेली होती की एका शिवारातून दुसऱ्या शिवारात गेलं की राज्य बदलायचं. नाणं बदलायचं, इकडे कलदार रुपया, तिकडे हाली शिक्का. शंभर कलदार म्हणजे सुमारे ११६ हाली. दप्तराची भाषा बदलायची, इकडे मोडीतली मराठी, तिकडे उर्दू. आणि वाटेवर करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. मिठाचं पोतं असो की कापडाचं ठाण, नाक्यावर हिशेब द्यावा लागायचा.

निजामाच्या तामिरात खात्यानं, म्हणजे बांधकाम खात्यानं, रस्ते केले, हे खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, घोडदळाची छावणी होती. छावणीला रसद लागते, रसदेला रस्ता लागतो. १९३२ साली निजाम सरकारनं रेल्वेच्या जोडीनं स्वतःची मोटारसेवा सुरू केली, सुरुवातीला गाड्या अवघ्या २७. पण त्या रस्त्यांचं तोंड हैदराबादकडे होतं. खजिना हैदराबादला, कोर्ट हैदराबादला, वरचं शिक्षण हैदराबादला. स्वामी रामानंद तीर्थ याच अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक म्हणून राहिले आणि त्यांच्या हाताखालची पोरं पुढं मुक्तिसंग्रामात उतरली. सरहद्दीपलीकडे, पूर्वीच्या इंग्रजी मुलखात, छावण्या पडल्या. करोडगिरीचे नाके जाळले गेले. १७ सप्टेंबर १९४८ला निजामानं शरणागती दिली. नाका उठला. १ नोव्हेंबर १९५६ला आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. रस्त्याचं तोंड हैदराबादहून पुण्या-मुंबईकडे फिरलं. ते तोंड आपल्या गावाकडे कधी फिरलं, हा प्रश्न मात्र उरला.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. इथं जरा थांबणार आहे.

१९७२. या सभागृहात सत्तरी ओलांडलेली जी माणसं बसली आहेत, त्यांना मी फक्त हा आकडा सांगितला तरी पुरे. १९७०पासून पाऊस कमी पडत गेला आणि १९७२ला तो आलाच नाही म्हटलं तरी चालेल. ज्वारी गेली. कडबा गेला. बैल कवडीमोलानं गेले. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची. लेकरांना सुकडी. आणि सरकारनं दुष्काळी कामं काढली. मे १९७३मध्ये महाराष्ट्रभर या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पन्नास लाख! पाझर तलाव, बंडिंग, नालाबांध आणि रस्ते.

माथ्यावरचा मुख्य रस्ता आधीचा होता. पण त्याला दोन्ही बाजूंनी येऊन मिळणारे कितीतरी गावरस्ते त्या दुष्काळात जमिनीवर आले. ते काम कसं चालायचं, हे तरुणांना सांगायला हवं. सकाळी मस्टरवर हजेरी. नवऱ्याच्या हातात घण किंवा कुदळ, बायकोच्या डोक्यावर पाटी. दगड फोडायचा, त्याची खडी करायची. बाई उन्हात मांडी घालून बसायची, दगड लोखंडी कड्यात धरायचा आणि हातोडीनं हाणायचा. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, तरी चिपा डोळ्यांत जायच्या. पोराला जवळच दोन काठ्यांवर लुगडं टाकून त्याच्या सावलीत निजवलेलं. खडीचा ढीग चौकोनी रचायचा, कारण मापारी टेप लावणार. ब्रास भरला तर आठवड्याचा पगार. ढीग खालून पोकळ आहे का म्हणून मुकादम काठी खुपसून बघायचा. मग सोलिंगचे दगड हातानं उभे लावायचे, वर खडी, वर मुरूम, वर पाणी. पाणी कुठलं? माणसांना प्यायला नव्हतं तेव्हा रस्त्याच्या दबाईला पाणी कुठून यायचं? बहुतेक ठिकाणी आलंच नाही. १९७३ला पाऊस पडला, माणसं पेरणीला घरी गेली, कामं थांबली. मातीकाम झालेलं, मोऱ्या राहिलेल्या. पहिल्या दोन पावसाळ्यांत कितीतरी रस्ते ओढ्यांनी कापून नेले.

कुणी म्हणतात, ते रस्ते वाया गेले. मी तसं म्हणणार नाही. त्या रस्त्यांनी माणसं जगवली आणि एक कायदा जन्माला घातला. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना १९६५पासून तासगाव तालुक्यात करून पाहिली होती. दुष्काळानं ती राज्याची योजना बनवली. १९७७ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कायदेशीर कर्तव्य ठरलं. शहरातल्या पगारदारानं व्यवसाय कर भरायचा आणि खेड्यातल्या माणसानं त्यातून काम करायचं. २००५ साली देशानं जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याचं मूळ इथं आहे, आपल्या खडीच्या ढिगाऱ्यांवर. दिल्लीच्या पुस्तकांत हा इतिहास आहे. पाटोद्याच्या ग्रामपंचायतीत आहे का? केजच्या शाळेत आहे का?

म्हणून मी त्या कबरीची आठवण ठेवायला सांगितलं होतं. सुलतानाचा एक दात इथं पडला तर त्यावर घुमट उभा राहिला. ज्या बायकांनी या जिल्ह्याचे रस्ते हातानं फोडले, त्यांच्यातल्या एकीचं नाव कुठल्या मैलाच्या दगडावर आहे? रस्त्याच्या उद्घाटनाच्या कोनशिला मी वाचतो. मंत्र्यांचं नाव असतं, आमदारांचं असतं, उपअभियंत्याचं असतं. मजुराचं नाही, मुकादमाचं नाही, आयुष्यभर एका टापूची साइडपट्टी राखणाऱ्या मैलकुलीचंही नाही. मस्टरच्या वह्या होत्या. त्यांत प्रत्येकाचं नाव होतं आणि पुढं अंगठा होता. त्या वह्या कुठं गेल्या? किती रद्दीत गेल्या आणि किती वाळवीनं खाल्ल्या?

पुढचा मुद्दा दुखरा आहे. दुष्काळानं माणूस रस्त्यावर आणला, तो परत पूर्णपणे घरी गेला नाही. १९५०मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि नंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तिकडे, पाणी तिकडे, तोडायला हात मात्र इकडचे. आधी बैलगाड्या जायच्या, या माथ्यावरच्या वाटेनं, मुक्काम करत करत. आता ट्रक आणि दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जातात. दसरा-दिवाळी झाली की संध्याकाळी मांजरसुंब्याच्या चौकात उभे राहा. ट्रॉलीत खाली सरपण, त्यावर ज्वारीची पोती, त्यावर पत्र्याची पेटी आणि गोधड्या, एका कोपऱ्यात खुराडं, मागच्या फळीला बांधलेली शेळी. या सगळ्याच्या वर बायामाणसं आणि लेकरं. एक नवरा-बायको म्हणजे एक कोयता. माणसं मोजायचं हे आपलं माप आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एप्रिलच्या आसपास तेच ट्रॅक्टर परत येतात. दरवर्षी लाखो माणसं. गावात मागं राहतात म्हातारी आणि ज्यांना हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ ठेवलं आहे ती पोरं.

रस्ता चांगला झाला, सिमेंटचा झाला, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगावं. पण मला विचारायचं आहे, त्या चांगल्या रस्त्यानं माणूस गावात टिकायला मदत झाली की गाव सोडणं सोपं झालं? सौताड्याच्या चढावर रात्री ट्रॉली उलटते तेव्हा बातमी येते, ‘ऊसतोड मजुरांचा अपघात’. आकडा येतो. दोन दिवसांनी आपण विसरतो.

आणि न्याय्य बोलायचं तर याच रस्त्यानं माणसं वाचलीही आहेत. १९७४ साली अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव त्याला आहे. बीड, धाराशिव, लातूरच्या सीमेवरच्या खेड्यांतून तिथं माणसं आणली जातात. साप चावलेला माणूस, अडलेली बाई, कीटकनाशक प्यालेला शेतकरी. केजहून अंबाजोगाईपर्यंत लागणारा वेळ कमी होणं म्हणजे काय, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. तेवढ्या वेळात माणूस जातो किंवा राहतो. रस्त्याचं मोल सांगायला मला दुसरा हिशेब लागत नाही.

रेल्वेचं थोडक्यात सांगतो, कारण तो आजचा विषय नाही. परळीचा अपवाद सोडला तर दशकानुदशकं या जिल्ह्याला रेल्वे नव्हती. अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग आपण पिढ्यान्‌पिढ्या मागितला, २०२२च्या सप्टेंबरमध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ला, मुक्तिसंग्रामदिनी, बीडला पोहोचली. इतकी वर्षं जे रेल्वेनं करायचं ते ओझं या रस्त्यानं वाहिलं.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात निकडीचा. मुख्य रस्त्याविषयी एवढं बोललो, पण दर पावसाळ्यात बाजेवरून पेशंट आणल्याची बातमी येते ती मुख्य रस्त्यावरची नसते. ती मुख्य रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आतल्या वस्तीची असते. फाट्यापर्यंत ॲम्ब्युलन्स येते. फाट्यापासून आत गाळ. २०००च्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, तिचा निकष पाचशे लोकवस्तीचा. डोंगरातल्या तांड्यांनी आणि वस्त्यांनी पाचशे माणसं कुठून आणायची? २०१५ला मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आली, पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावानं योजना आली. काही कामं झाली. पण खरी अडचण पैशाची कमी आणि शेजाऱ्याची जास्त आहे, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. वडिलांच्या पिढीत जिथून गाडी जायची तिथं आज बांध कोरत कोरत एक पाऊलवाट उरली आहे. भाऊबंदकीत पहिला बळी वाटेचा जातो.

आणि वाट काही दानधर्माची गोष्ट नाही. ती हक्काची आहे. गावच्या नकाशात तुटक दुबार रेघ असेल तर तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ असेल तर पायमार्ग, सव्वाआठ फूट. ही वहिवाट कोणाच्या मेहरबानीवर चालत नाही. अडवली तर १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५खाली तहसीलदाराकडे जाता येतं. वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३खाली बांधावरून नवी वाट मागता येते. २०२५मध्ये शासनानं शेतरस्त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कात घ्यायचं ठरवलं आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. पण नोंद आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. आपल्यापैकी किती जणांनी भूमिअभिलेख कार्यालयात जाऊन आपल्या गावचा नकाशा एकदा तरी उलगडून पाहिला आहे? कृपया पाहा. आपल्या आजोबांची वाट त्यावर अजून आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की या जिल्ह्याचा रस्ता आजवर जाणाऱ्यांच्या सोयीनं मोजला गेला. व्यापाऱ्याला तेर गाठायचं होतं, सुलतानाला दौलताबाद, निजामाला खर्डा, कारखान्याला कोयता. त्याचं मोजमाप आता राहणाऱ्यांच्या बाजूनं करायला हवं. फाट्यापासून शेवटच्या घरापर्यंत वाट आहे का, पावसाळ्यात आहे का, आणि ती कागदावर आहे का, हे मोजायचं.

शेवटी एक मागणी करतो. तेरला रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होते. ते ना प्राध्यापक, ना पुरातत्त्व खात्यातले. शेतात, पांढरीत सापडलेले मणी, मृण्मूर्ती, खापरं ते जमवत राहिले. आज तेरचं शासकीय संग्रहालय त्यांच्या नावानं उभं आहे आणि जगभरचे अभ्यासक ते पाहायला येतात. एका गावकऱ्यानं जपलं म्हणून तगरच्या व्यापाराचा पुरावा आपल्याजवळ आहे.

१९७२च्या रस्त्यांचा पुरावा जमिनीतून मिळणार नाही, तो माणसांच्या तोंडी आहे. त्या वेळी जे विशीत होते ते आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. माझी मागणी शाळांकडे, महाविद्यालयांकडे आणि ग्रामपंचायतींकडे आहे. या उन्हाळ्याच्या सुट्टीत नववी-दहावीच्या मुलामुलींच्या हाती एकेक वही द्या आणि त्यांना आपल्या आजी-आजोबांकडे पाठवा. कोणत्या रस्त्यावर काम केलं, मुकादम कोण होता, पगार काय मिळाला, खडी कुठल्या खाणीतून आली, कोण आजारी पडलं, कोण तिथंच गेलं, कोणाचं बाळंतपण कामावर झालं, हे सगळं लिहून घ्या. नावानिशी लिहून घ्या, त्यांच्या परवानगीनं. वहीच्या शेवटच्या पानावर गावनकाशातल्या वाटांची यादी करा, कोणती चालू, कोणती बंद. त्या वह्यांची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा आणि एक तहसीलमध्ये द्या. जिथं त्या काळात केलेला रस्ता आज डांबरी होतो आहे, तिथल्या कोनशिलेवर मंत्र्यांच्या नावाखाली जागा ठेवा आणि ही नावं कोरा.

आणि आयोजकांना विनंती, पुढच्या वर्षी या दिवशी वक्ता शोधू नका. त्या वह्या आणा आणि मुलांना इथं उभं करून वाचायला लावा. मी समोर बसून ऐकेन.